खांडीच्या डोहाचा खातेदार

माझ्या सासरच्या गावाला दोन बाजूंनी खाडी होती आणि खाडीला अडवून धरणारा एक मातीचा बांध होता. बांधाच्या आत आमची भातशेती, बाहेर खारं पाणी. बांधाआडच्या त्या सगळ्या शेतांना मिळून आम्ही 'खार' म्हणायचो. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम नुकती निवली होती. माझं माहेर म्हसळ्याकडचं, डोंगरातलं. तिकडे शेताची काळजी म्हणजे वरून येणाऱ्या पाण्याची काळजी. इथे सगळे आडव्या पाण्याला भ्यायचे, हे समजायला मला एक पावसाळा लागला.

मामंजी गावाचे पाटील आणि बांधाचे कारभारी. बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली, उघाडीच्या फळ्या कुजल्या, कुठे माती खचली, की घरटी माणूस बोलवायचा हुकूम त्यांच्या तोंडून निघायचा. उघाडी म्हणजे बांधातलं दार, पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि खाडीचं आत येऊ द्यायचं नाही. मामंजींचा आवाज मोठा होता आणि तो आपला आहे याचा त्यांना फार अभिमान होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याहून कमी बोलायच्या, पण बोलल्या की मामंजींचंच बोलणं दुसऱ्यांदा ऐकल्यासारखं व्हायचं. माझा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. मांडव्याला बोटीनं उतरून सणावाराला यायचा. म्हणजे बाराही महिने त्या घरात दोघांचं मत एक आणि माझं मत पोटात.

पहिल्याच सुगीत मला त्या खारीची एक रीत शिकवली गेली. पहिलं भात कांडलं की त्यातले मूठभर तांदूळ पानाच्या द्रोणात घालून खारीतल्या प्रत्येक खातेदाराच्या घरी पोचवायचे. त्याला 'नवं' म्हणायचे. घरच्या बाईनं दारात येऊन विचारायचं, "कुठल्या शेतातलं?" नेणारीनं शेताचं नाव सांगायचं. मग तिनं द्रोण घ्यायचा आणि तो तांदूळ त्याच दिवशी शिजवून घरातल्या सगळ्यांनी एकेक घास तरी खायचा. आलेलं नवं परत पाठवायचं नाही, पानात टाकायचं नाही. भांडण असलं तरी ते त्या दिवशी बाजूला ठेवायचं. बांध सगळ्यांचा एक, कुणाच्याही बाजूनं फुटला तरी सगळ्यांचंच जाणार, म्हणून एकमेकांचं भात एकमेकांच्या पोटात गेलं पाहिजे, असं आत्याबाईंनी सांगितलं. मला ती रीत फार आवडली. नवी नवरी म्हणून मला घरोघर पाठवलं, तेव्हा सगळ्या शेतांची नावं माझी तोंडपाठ झाली. आमच्या शेताचं नाव वडाची पट्टी. वड कधीच पडला होता, नाव उरलं होतं.

खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा होता. कोळीवाडा आणि आमचं गाव यांच्यामध्ये एक लहान खाडी आत घुसलेली होती. कोळ्यांच्या सगळ्या होड्या तिथे लागायच्या. कोळणी रोज आमच्या दारात यायच्या, भातावर म्हावरं द्यायच्या. आम्ही पाटीत हात घालून माशांचे कल्ले उघडून बघायचो, नाकं मुरडायचो, एखादा बांगडा वर मागून घ्यायचो. त्या हसायच्या आणि द्यायच्या. पण आमचं नवं काही त्यांच्याकडे जात नसे. त्यांची जमीन नव्हती, त्यामुळे ते बांधाचे कुणी नव्हते. हे इतकं साधं मानलेलं होतं की त्यावर कुणी बोलतही नसे.

पुढच्या श्रावणात नारळी पुनवेच्या दिवशी बांध फुटला.

त्या दिवशी भर दुपारी मोठं उधाण होतं. वारा समुद्राकडून होता आणि पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत चढलं होतं. वडाच्या पट्टीसमोर बांध आधी ओघळला, मग तिथे माणूस जाईल एवढी वाट पडली आणि बघता बघता बैलगाडी जाईल एवढी झाली. बांधाला पडलेल्या अशा भगदाडाला तिकडे खांड म्हणतात. हिरव्यागार भातात ते गढूळ पाणी शिरताना मी पाहिलं. एका उधाणाचं पाणी लवकर बाहेर काढलं तर भात कदाचित वाचतं. लागोपाठ दुसरं शिरलं तर ते वर्ष गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमिनीतून मीठ निघत नाही. दुसरं उधाण रात्री होतं. म्हणजे दिवस मावळायच्या आत, ओहोटीला पाणी ओसरलं असताना, खांड बुजवायची होती.

बायका-पुरुष सगळे चिखल वाहत होतो. टाकलेली माती वाहून जायची. पेंढ्याच्या मोळ्या टाकल्या, त्या गेल्या. मामंजी ओरडत होते, पण आता त्यांच्या आवाजाला कुणी जुमानत नव्हतं, पाणी तर नाहीच.

तेवढ्यात कोळीवाड्याचा तांडेल होडी घेऊन आला. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. हा तर साऱ्या वाड्याचाच मुख्य होता. वाड्यावर त्यांची पुनवेची पूजा चालू होती. होडी नवी रंगवलेली, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फुलांची माळ. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, डागडुजी केलेली, तेल पाजलेली होडी त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यात उतरली होती. त्यानं काय होतंय ते पाहिलं आणि मामंजींना म्हणाला, "पाटील, मातीनं न्हाय व्हायचं. कायतरी आडवं घालाय पायजे."

"काय घालू? माझं घर घालू?" मामंजी म्हणाले.

तांडेल होडीकडे बघत राहिला. मग आपल्या माणसांना हाक मारून त्यानं ती होडी खांडीत आडवी लावली आणि म्हणाला, "भरा धोंडे."

बांधाच्या पायथ्याचेच धोंडे उपसून आम्ही त्या होडीत भरले. ती रुतली, वाकडी झाली, करकरली आणि बसली. मग तिच्या अंगावर माती ठरायला लागली. कोळी आणि आम्ही खांद्याला खांदा लावून दिवस बुडेपर्यंत माती टाकत होतो. फुलांची माळ शेवटी गेली, कुणीतरी तिच्यावर घमेलं रिकामं केलं. रात्रीचं उधाण आलं आणि बाहेरच्या बाहेर परत गेलं.

काम झालं तेव्हा मामंजींनी बांधाचा मूठभर चिखल उचलून तांडेलाच्या हातात दिला. आमच्याकडे तो शब्द देणं असतो, कागदापेक्षा पक्का. सगळ्या गावासमोर ते म्हणाले, "आजपासून ह्या बांधावर पहिला शब्द तुमचा." आणि ते रडले. मी पाहिलं. खोटं रडत नव्हते, हे मला आजही सांगायचं आहे. त्या वेळी आम्ही सगळे खरे होतो.

भात वाचलं. काही पट्ट्या पिवळ्या पडल्या, बाकी तगलं. तांडेलाचा मात्र तो हंगाम दुसऱ्याच्या होडीवर वाटेकरी म्हणून गेला. सुगी झाल्यावर बांध पक्का केला. फुटलेल्या जागी पाण्यानं तळ खरवडून एवढा खोल डोह केला होता की तिथे पाया लागेना. म्हणून नवा बांध बाहेरच्या बाजूनं वळसा घालून नेला आणि डोह आत राहिला. धोंड्यांच्या भारानं होडी हळूहळू त्याच डोहात सरकली होती. पाणी उतरलं की नाळेचं टोक वर दिसायचं, थोडा रंग राहिलेलं. खांडीचा डोह असं त्या जागेला नाव पडलं. जमीन कागदोपत्री आमचीच, वडाच्या पट्टीतली.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला तलाठी सांगून गेला की सरकार खारबांधांची एक कमिटी नेमतंय. तालुक्यातल्या प्रत्येक खारीनं आपला एक लायक माणूस द्यायचा. कुठला बांध आधी दुरुस्त करायचा, धोंडा कुणाला किती, खाडीकाठची कुठली तिवराची झाडं तोडायची, कुठे नवा बांध घालून नवी खार काढायची, हे सगळं ती कमिटी ठरवणार. माणूस कसा असावा तेही सांगितलं होतं. लोकांत वजन असलेला, बांधाचं काम जाणणारा आणि त्या खारीत जमीन असलेला.

पहिल्या दोन गोष्टी ऐकून ओटीवर बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला असणार. तिसरी ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

कारण त्याच लहान खाडीवर, जिथे कोळ्यांच्या होड्या लागायच्या, बऱ्याच जणांचा डोळा होता. तिच्या तोंडाला बांध घातला की आत मोठी नवी खार निघेल, प्रत्येकाला वाटा येईल. होड्या कुठे लावायच्या, तो कोळ्यांनी बघायचा प्रश्न. कमिटीत आपला माणूस गेला की हे काम होणार होतं आणि तांडेल गेला तर होणार नव्हतं. मामंजींनी मुंबईहून कोट शिवून आणायला सांगितलासुद्धा होता.

तांडेलाच्या कानावर गेलंच. तो ओटीवर आला, पायरीच्या खाली उभा राहिला आणि म्हणाला, "पाटील, तुमी माती दिली होती."

मामंजी म्हणाले, "दिली होती. मी कुठे नाही म्हणतो? पण सरकारचा नियम आहे. खातेदारच पाहिजे. आता सरकारापुढं आपण काय करणार?"

"मंग मला खातेदार करा," तांडेल म्हणाला. "हातभर जमीन लिवून द्या कोनीतरी. मला पिकवायची न्हाय. मला तितं बसाय पायजे. होड्या लावाय दुसरी जागा न्हाय आमाला."

मी माजघराच्या दाराआड तांदूळ निवडत होते. ओटीवर निम्मा गाव होता. ज्याची भातं त्या होडीनं राखली तो प्रत्येक जण तिथे होता. आणि मग सगळे बोलायला लागले. एकाची जमीन भावाशी वाटणीत अडकलेली होती. एकाची देवाच्या नावावर होती. एकाला बायकोला विचारायचं होतं, आणि हा असा गृहस्थ की त्यानं जन्मात बायकोला काही विचारलं नव्हतं. एक म्हणाला, माझ्या तुकड्याला वाट नाही, तुम्हाला जायला यायला त्रास होईल. कोळ्याच्या पायांची त्याला केवढी ती काळजी. ते एकेक कारण ऐकताना मला वाटत होतं की आता कुणीतरी थांबेल, आता तरी कुणी लाजेल. कुणी लाजलं नाही. सुपातले तांदूळ तसेच राहिले.

शेवटी मामंजी बोलले. "खांडीचा डोह आहे की," ते म्हणाले. "तो देतो."

आधी कुणाला कळलं नाही, मग हशा पिकला. पाण्याची जमीन. पाटलांनी काय तोड काढली. आत्याबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मामंजींना वाटलं होतं तांडेल रागावून निघून जाईल, मग शब्द आपण पाळला आणि त्यानंच मोडला असं होईल.

तांडेल म्हणाला, "चालंल."

हसणं तिथेच थांबलं. दहा माणसांसमोर दिलेला शब्द मामंजींना मागे घेता येईना. डोह तांडेलाच्या नावावर झाला.

शिमग्याला नवरा आला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. मला वाटलं मुंबईत राहतो, त्याला तरी पटेल. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आबांची अक्कल अजून शाबूत आहे." त्या दिवशी मला त्याचीही लाज वाटली. लग्न नवीन होतं आणि नवऱ्याची लाज वाटणं फार वाईट असतं. कुणाकडे बोलताही येत नाही.

पाऊस लागायच्या आधी मामलेदार आले. बांधावर उभं राहून त्यांनी विचारलं, या खारीचा माणूस कोण? गावानं एकमेकांकडे पाहिलं. मामंजी कोट घालून आले होते, भर उन्हात. तेच पुढे होऊन म्हणाले, "हे. कोळीवाड्याचे तांडेल. आम्ही शब्द दिलाय." शब्द दिलाय हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की मामलेदारांना ते भलेपण वाटलं असेल.

"खातेदार आहेत?"

"आहेत की. दाखवा हो तांडेल, तुमची जमीन दाखवा साहेबांना."

तांडेलानं डोहाकडे बोट केलं. भरतीची वेळ होती, बांधाखालून झिरपलेल्या पाण्यानं डोह तुडुंब होता. मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. मामलेदारही हसले. "ही जमीन?" ते म्हणाले.

आम्ही बायका उघाडीपाशी घागरी घेऊन उभ्या होतो. तांडेलाची बायकोही तिथेच होती, माझ्यापासून दोन हातांवर. ती डोहाकडेच बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

तांडेल हात जोडून म्हणाला, "सायेब, ह्याच्या तलाशी माजी होडी हाय. धोंडे भरून बसवलीय. वर पानी हाय म्हनून खाली जमीन न्हाय का?"

मामलेदारांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजी खाली बघायला लागले. मामलेदारांनी काय झालं होतं ते दुसऱ्या कुणाला विचारलं, त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. मग ते हसले नाहीत. तांडेलाची नेमणूक झाली. घरी येताना मामंजींनी कोट काढून खांद्यावर टाकला आणि वाटभर उन्हाला शिव्या घातल्या.

तांडेल कमिटीत काय करतो इकडे सगळ्यांचं लक्ष होतं. तो सूड घेईल, आमचा बांध मागे ढकलेल, असं बोललं जायचं. आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं तेच आम्ही बोलत होतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि झालं असं की पुढच्या पावसाळ्याआधी पहिला धोंडा आमच्या खारीला आला. दुसऱ्या खारींची माणसं वाट बघत राहिली. खांड पडलेला बांध आधी, असं त्यानं धरून ठेवलं होतं म्हणे. गावानं धोंडा उतरवून घेतला. कुणी कोळीवाड्यावर जाऊन दोन शब्द बोललं नाही. आपलं होतं ते आपल्याला मिळालं, असं सगळ्यांनी मानलं.

दरम्यान एक सुगी येऊन गेली होती. आता दुसरी आली. द्रोण मीच भरत होते, नावं मला पाठ होती. घरोघर नवं गेलं, घरोघरचं आलं. लहान खाडीचा विषय कमिटीपुढे त्याच महिन्यात येणार होता. गावाची बाजू मांडायला मामंजी जाणार होते. नवी खार निघाली तर आपल्याला कुठली पट्टी येईल, यावर ओटीवर रोज बोलणं चालायचं.

अशात एका सकाळी तांडेलाची बायको दारात आली. डोक्यावर पाटी. मी नेहमीप्रमाणे भाताचं माप घेऊन बाहेर गेले. ती म्हणाली, "माप ठेव सूनबाय. इकाय न्हाय आनलं." आणि आत बघून हाक मारली, "पाटलीनबाय, भायेर येवा. नवं आनलंय."

आत्याबाई बाहेर आल्या. पाटीत अख्खा जिताडा होता, हातभर लांब, चकचकीत, कल्ले अजून हलत होते. जिताडा म्हणजे आमच्याकडे माशांचा राजा. जावयाला घालायचा, साहेबाला पाठवायचा.

"नवं कसलं?" आत्याबाई म्हणाल्या. "नवं भाताचं असतं."

"ज्याच्या शेतात जे पिकंल ते त्याचं नवं," ती म्हणाली. "आमी खातेदार हाव ना? समद्या घरांना धाडलंय. कुनाला तुकडा, कुनाला अर्धा. तुमाला अख्खा. जमीन तुमची व्हती."

आत्याबाई म्हणाल्या, आज घरात उपास आहे. मी म्हटलं, "आज बुधवार आहे." तीन वर्षांत मी त्यांच्यापुढे मोठ्यानं बोललेलं हे पहिलं वाक्य असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की रात्री माझं काही खरं नव्हतं. पण मागे फिरायची वाट बंद झाली होती. समोरच्या घराच्या, शेजारच्या घराच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्याही हातात तुकडे होते. पाटलाच्या घरी काय होतंय त्यावर त्यांचं ठरणार होतं. आलेलं नवं परत केलं तर त्याचा अर्थ एकच होता, की आम्ही बांधाबाहेर पडलो.

तांडेलाची बायको पाटी खाली न ठेवता उभी होती. ती वाट बघत होती. कशाची ते आत्याबाईंना कळलं, मलाही कळलं. विचारल्याशिवाय नवं देत नाहीत.

आत्याबाईंनी पदर सावरला. तोंडातल्या तोंडात त्या म्हणाल्या, "कुठल्या शेतातलं?"

"खांडीच्या डोहातलं," ती म्हणाली. "होडीच्या पोटात धरलाय. तितंच वाढतात ते, धोंड्यांच्या सांदीत. पयल्या पावसात खाडीतून बारकी पिल्लं आनून सोडली व्हती आमी."

एवढं सांगून तिनं पाटी पुढे केली. ती हसत नव्हती आणि टोमणाही मारत नव्हती. तिला विचारलं होतं म्हणून तिनं सांगितलं. मी पुढे होऊन मासा घेतला, तो माझ्या हातात एकदा जोरात उसळला. मला वाटलं जमीन फाटावी आणि मी आत जावं. आम्ही त्यांना खड्डा दिला होता, थट्टा म्हणून दिला होता, आणि त्यांनी तो पिकवून आमच्या दारात आणला होता.

दुपारी मामंजी जेवायला बसले. मी जिताड्याचं कालवण केलं होतं, नव्या तांदळाचा भात होता. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "वा. कुठून आणला?" आत्याबाई चुलीकडे वळल्या. म्हणून मग मी सांगितलं. जसं ऐकलं तसं, होडीच्या पोटासकट.

त्यांचा हात ताटातच राहिला. मला वाटलं ते उठतील, ताट सारतील. पण नवं पानात टाकत नाहीत, हे त्यांनीच गावाला आयुष्यभर सांगितलं होतं. ते खाली मान घालून जेवत राहिले. काटे बाजूला काढत, घास गिळत, मध्येच पाणी पीत. जेवण संपल्यावर हात धुवायला गेले ते बराच वेळ परत आले नाहीत. आत्याबाईंनी माझ्या पानात तुकडा वाढला आणि स्वतःच्या पानात शेपटीकडचा घेतला. आम्ही दोघींनीही खाल्लं. चव फार चांगली होती. ते कबूल करायचीसुद्धा मला लाज वाटते.

कमिटीच्या दिवशी मामंजींचा गुडघा दुखत होता. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी तसं जाहीर केलं आणि ओटीवर पाय लांब करून बसले. गावातले दोघे-तिघे विचारायला आले, की मग बाजू कोण मांडणार? मामंजी म्हणाले, "ज्याला मांडायची त्यानं जावं." कुणी गेलं नाही. मागायलाच कुणी नव्हतं, म्हणून लहान खाडी मोकळी राहिली. आम्ही काही चांगलं केलं असं मी म्हणणार नाही. वाईट करायला उठून जायचं धाडस झालं नाही, इतकंच.

त्यानंतर काही दिवसांनी मी आणि मामंजी बांधावरून येत होतो. समोरून तांडेल आला. वाट अरुंद, चुकवायला जागा नव्हती. तांडेलानं विचारलं, "पाटील, नवं लागलं का गोड?"

मामंजी म्हणाले, "लागलं."

"बरं झालं," तांडेल म्हणाला. मग एका अंगाला होऊन त्यानं आम्हाला वाट दिली आणि मागून साध्या आवाजात म्हणाला, "फुडल्या साली तुमचं धाडा."

तोवर ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन सुग्या तो खातेदार होता. दोन सुग्या मी द्रोण भरले होते, घरं मोजली होती आणि त्याचं घर कधी मोजलंच नव्हतं. कुणी मला त्याला वगळ असं सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नव्हतं. ओटीवर कारणं सांगणाऱ्यांची मला दाराआडून लाज वाटली होती, त्यांच्यावर मी चिडले होते, आणि माझा हात त्यांच्याच हातासारखा चालला होता. मामंजी पुढे चालत होते.

पुढच्या सुगीला पहिला द्रोण मी भरला तो कोळीवाड्याचा. आत्याबाईंना विचारलं नाही. त्यांनी पाहिलं आणि मूठभर तांदूळ वरून आणखी घातले.

कोळीवाड्यात मी पहिल्यांदाच गेले. सुकत घातलेल्या बोंबलांच्या खालून वाकून जावं लागलं. लहान खाडीत होड्या लागलेल्या होत्या, पोरं त्यांच्यावरून उड्या मारत होती. तांडेलाची बायको दारात आली. माझ्या हातातला द्रोण पाहून तिनं ओले हात लुगड्याला पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कुठल्या शेतातलं?"

वडाची पट्टी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. नाव ओठांवर होतं, एवढ्या घरी सांगितलेलं. पण तिच्यासमोर ते निघेना. वड कुणी पाहिला होता?

"होडीमागच्या शेतातलं," मी म्हणाले.

तिनं दोन्ही हातांनी द्रोण घेतला. तेव्हापासून आमच्या घरात त्या शेताला तेच म्हणतात.